डोंगराचा यजमान पाहिजे

माणूस जमिनीचा मालक नसतो, जमीनच माणसाची मालक असते. हे उदात्त सत्य मी अबू धाबीतल्या एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये, वर जाता जाता, छोट्या पडद्यावर वाचलं. पाठोपाठ जिममध्ये बूट घालून येण्याची सूचना आली, आणि मग पुन्हा जमीन. परिषदेचं सभागृह बत्तिसाव्या मजल्यावर होतं. तिथल्या खिडकीतून मी खाली पाहिलं, पण त्या दिवशी इतकी धूळ होती की जमीन काही दिसली नाही.

मी तिथे कशी पोचले, हे सांगण्यात फारसा गौरव नाही. माझा भाचा संदेश खलिफा सिटीत राहतो आणि लग्नं, परिषदा, उद्घाटनं यांचे मांडव घालतो. स्टेज, खुर्च्या, जेवण, फुलं, सगळं त्याचं. एके दुपारी त्याचा फोन आला.

"मावशी, पासपोर्ट चालू आहे ना? इथे एक इंडियन डेलिगेट ड्रॉप झालाय. आदिवासी टाइपचा होता. तू ते देवराईवर पुस्तक लिहिलंयस, तू चालशील."

"मी आदिवासी नाही, संदेश. मी कुडाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे."

"अगं, वनस्पती म्हणजे जंगलच की! तिकीट, हॉटेल सगळं त्यांचं. खलास."

अशा कसून केलेल्या निवडीनंतर माझ्या गळ्यात जो बिल्ला पडला त्यावर लिहिलं होतं, 'पारंपरिक भूमालक, भारत'. माझी भूमी म्हणजे कुडाळच्या सोसायटीतल्या दोन खोल्या. पार्किंग त्यात धरलेलं नाही.

खलिफा सिटी

पहिला दिवस संदेशच्या घरी गेला. एका व्हिलाचा वरचा मजला त्याने भाड्याने घेतलाय. खाली एक केरळी कुटुंब, मागच्या खोल्यांत एक फिलिपिनो जोडपं, आणि मालक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पल्लवीने, म्हणजे संदेशच्या बायकोने, सुरमई तळली होती आणि सोलकढी केली होती. कोकमं गावची, नारळ श्रीलंकेचा. जेवताना मी त्यांच्या मुलीला, इराला, विचारलं, "शाळेत काय शिकवतात ग सध्या?"

"वी डिड डेझर्ट्स, आजी. इट्स बेसिकली सँड."

पुढे परिषदेत मी बऱ्याच विद्वानांना ऐकलं. इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

परिषदेमागची गोष्ट संदेशने सांगितली. रास अल खैमाच्या डोंगरात एका खाजगी कंपनीने निसर्गोद्यान केलं होतं. चालायच्या वाटा, काचेच्या खोल्या, खोलीतून अंथरुणात पडल्या पडल्या डोंगर. त्यांचा सल्लागार कॉलिन नावाचा एक लालबुंद, अतिशय नम्र इसम होता. त्याने कंपनीला सांगितलं की हल्ली उद्यान एकट्याने करत नाहीत. ज्यांची ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांच्याशी भागीदारी करतात, त्याशिवाय बक्षिसं मिळत नाहीत. म्हणून दोन दिवस हॉटेलात परिषद आणि तिसऱ्या दिवशी डोंगरात उद्घाटन. जगभरातले पारंपरिक मालक बोलावले होते. ज्या डोंगरात उद्यान होतं तिथला बोलवायचा मात्र राहून गेला होता.

हॉटेल

परिषदेच्या खऱ्या पाहुण्या होत्या आंटी मर्ल. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांपैकी. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, डोक्यावर पुरुषी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात. आपल्याकडे भाजीवाल्याने आंटी म्हटलं तर बाई दुसऱ्या गाडीवर जाते.

नाश्त्याला आम्ही एका टेबलावर आलो. बाकीचे पाहुणे चिया बियांचं काहीतरी खात होते, आम्ही दोघींनी पराठे घेतले.

"आजोबांच्या वेळी आम्हाला आमच्या जमिनीवरून हाकललं," त्या पराठा फाडत म्हणाल्या. "मग तिथे उद्यान केलं. माझी आई जन्मभर भांडली. शेवटी जमीन परत मिळाली, कागदावर, सह्यांनिशी. मग आम्ही तीच जमीन सरकारला उद्यानासाठी भाड्याने दिली."

"म्हणजे सरकार तुमचा भाडेकरू?"

"हो. फार चांगला भाडेकरू नाही. पण आता निदान विचारतं. उद्यान चालवणाऱ्या बोर्डावर आमची माणसं जास्त आहेत ना."

"आणि काम काय करता?"

"जाळतो." त्यांनी चहा ढवळला. "पाऊस संपला की गवत जरा ओलं असतानाच थोडं थोडं जाळायचं, म्हणजे पुढे मोठा वणवा लागत नाही. साहेबांना पटायचं नाही. एक वर्ष त्यांनी आम्हाला जाळू दिलं नाही."

"मग?"

"मग जळलंच. त्यांचं ऑफिससुद्धा."

कार्यक्रमात पहिली बाब होती, 'आंटी मर्ल यांच्याकडून भूमीवर स्वागत'. धूर काढायचं यंत्र आणलं होतं, कारण खऱ्या धुराने हॉटेलची आगीची घंटा वाजते. कॉलिनने अदबीने माईक पुढे केला. आंटी मर्लनी तो घेतला नाही.

"बाळा," त्या म्हणाल्या. कॉलिन पन्नाशीचा असेल. "ही माझी जमीन नाही. मी पाहुणी आहे. पाहुणीने पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं?"

"प्रतीकात्मक आहे, आंटी."

"मी तुझ्या घरी येऊन तुझ्या बायकोला 'ये, बस' म्हणू का, प्रतीकात्मक?"

कॉलिन हसला. आंटी हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्याची जमीन आहे त्याने आधी त्यांना बोलवायचं असतं. त्याने बोलवल्याशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहून भाषण करणं हा उद्धटपणा होईल आणि त्यांच्या आईने असला उद्धटपणा शिकवलेला नाही. उद्घाटनाला त्या येतील, पण तिथला माणूस बोलवेल तेव्हाच बोलतील.

कॉलिनने पर्याय शोधले. आधी हॉटेलचे व्यवस्थापक आले. त्यांनी आम्हा सर्वांचं मनापासून स्वागत केलं आणि मालिशवर सवलत जाहीर केली. मग पडद्यावर बहिरी ससाणा उडवला. आंटी मर्ल हाताची घडी घालून बसून राहिल्या. दरम्यान प्लास्टिकच्या हिरवळीवर एक सत्र झालं, त्यात एका बाईंनी आम्हाला अनवाणी होऊन धरित्रीची हाक ऐकायला सांगितलं. मला एसीची ऐकू आली.

मलाही बोलायला काही मिनिटं दिली होती. मी सांगितलं की आमच्या जिल्ह्यात देवाच्या नावाने राखलेली रानं आहेत, तिथली काटकीही कुणी उचलत नसे. आता त्याच रानातली झाडं तोडून त्याच देवाला सभामंडप बांधतात, पंखे लावतात, फरशी घालतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर एका गृहस्थांनी मला गाठून विचारलं, हे मॉडेल इतर देशांत नेता येईल का.

दुपारी कॉलिनने संदेशला बोलावलं. मी शेजारीच होते. खुर्च्या कमी पडल्यावर बोलतात त्याच आवाजात तो म्हणाला, "संदेश, परवापर्यंत एक पारंपरिक मालक लागेल. स्थानिक."

"इन्शाल्ला, सर," संदेश म्हणाला. कॉलिन निघून गेल्यावर मालवणीवर आला. "मावशे, हेका नक्की काय व्हया? डान्स?"

"डान्स नको रे. गावात मांडव घालायच्या आधी आपल्याकडे काय करतात?"

कोकणात कुठल्याही कामाआधी गावचा मानकरी देवापुढे उभा राहून खड्या आवाजात विनवणी करतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. जमलेली मंडळी 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. तो मान एकाच घराण्याचा. त्या घरातलं माणूस आल्याशिवाय तहसीलदार आला तरी नारळ फुटत नाही.

"मगे असा सांग ना!" संदेशचा चेहरा उजळला. "गाऱ्हाणा घालूक मानकरी व्हयो! त्येचो मान दुसऱ्यान घेतल्यान तर राडोच होतलो. अगं, आहे ना तसा एक म्हातारा. आम्ही डोंगरात टेंट मारायला गेलो होतो, तर काठी घेऊन आला. बोलला, इदर कील मत मारो, इदर मेरा बाप का गेहूं था. मग बसवून कॉफी पाजली, खजूर दिले. आणि आम्ही उठल्यावर परत बोलला, कील निकालो."

रास अल खैमा

दुसऱ्या दिवशी परिषद आपल्या गतीने चालू ठेवून आम्ही तिघं, संदेश, आंटी मर्ल आणि मी, त्याच्या गाडीने उत्तरेला गेलो. वाळू संपते आणि डोंगर एकदम उभे राहतात. करडे, उघडे, कुणी पाठ फिरवून बसल्यासारखे. रस्त्यावर सिमेंटचे ट्रक, आणि काही डोंगर अर्धे खाऊन ठेवलेले. आंटी मर्ल काच खाली करून बघत होत्या. "इथेही खणतात," एवढंच म्हणाल्या.

अबू राशिद दरीच्या तोंडाशी, वस्तीतल्या सिमेंटच्या घरात राहतात. सत्तरी ओलांडलेली, अंग काटक, हातात टोकाला छोटी कुऱ्हाड बसवलेली काठी. ती इकडच्या डोंगरी लोकांची खूण. तरुणपणी दुबईच्या खाडीवर मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे कामाला होते, त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. हॉटेलात दुभाष्यांची काचेची खोली होती, कानाला लावायची यंत्रं होती. इथे अबू राशिद हिंदीत बोलत, मी इंग्रजी करी, आणि आंटी मर्लचं उत्तर उलट्या वाटेने परत जाई. काहीही सांडलं नाही.

आधी खाणं. कागदासारखी पातळ भाकरी, तूप, आणि बोरीच्या फुलांचा मध. हा मध काळसर, दाट, किंचित कडवट. खाल्ल्यावर घसा गरम होतो. मग वेलची घातलेली बिनसाखरेची कॉफी, कान नसलेल्या इवल्या कपात. कप हलवून परत दिला नाही तर ओततच राहतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बरीच कॉफी प्यायल्यावर संदेश कुजबुजला, "मावशी, कप हलव, नाहीतर आपण इथेच राहू."

"ये शहद आपका?" मी विचारलं.

"पिछला साल का." अबू राशिदनी काठीने वर दाखवलं. "ऊपर मेरा बेर का पेड़ है. मेरा बाप का, उसका बाप का. नीचे खेत, पत्थर का घर. और टंकी."

ती टाकी म्हणजे त्यांच्या पणजोबांनी दगडात बांधलेला हौद. डोंगरावरून पावसाचं पाणी एका चरीतून त्यात उतरतं आणि तेच वर्षभर झाडांना पुरतं. पण पावसाबरोबर दगडही येतात आणि चर बुजते. हिवाळी पावसाआधी ती उपसली नाही तर सगळं पाणी दरीत वाहून जातं, झाडं वाळतात, मधमाश्या उठून जातात. यंदा उन्हाळ्यात उद्यानाचं कुंपण झालं आणि टाकी, झाडं, खेत, घर, सगळं आत गेलं. अबू राशिद बाहेर राहिले.

"हम गेट पे गया," ते म्हणाले. "बोला, मेरा टंकी है, साफ करना है. वो लड़का बोला, बाबा, क्यूआर कोड दिखाओ."

संदेश हसू दाबत होता. अबू राशिद हसत नव्हते. ते आकाशाकडे बघत होते. पाऊस आता कधीही येईल, असं म्हणाले.

आंटी मर्लनी मला विचारायला सांगितलं, चर उपसायला किती माणसं लागतात? घरचीच पुरतात, मुलं, पुतणे, ते म्हणाले. वेळ किती लागतो? अर्धा दिवस. आंटींनी मान डोलावली आणि आणखी मध घेतला.

मग संदेशने मुद्दा काढला. "बाबा, कल मेहमान आएगा. आप वेलकम करेगा?"

"मेहमान आएगा तो कॉफी पिलाएगा. क्यों नहीं." अबू राशिदनी काठी जमिनीवर टेकवली. "लेकिन घर का आदमी अंदर होता है, मेहमान बाहर. अभी हम भी बाहर है. बाहर खड़ा होके कौन बुलाता है?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. आंटी मर्ल म्हणाल्या, "त्याला सांग, तो आत जाऊन बोलवेपर्यंत मी बाहेर बसेन. कितीही वेळ."

परतताना संदेशने कॉलिनला फोन लावला. फाटक आधी म्हाताऱ्यासाठी उघडायचं, तो आत जाणार आणि आतून सगळ्यांना बोलवणार. कॉलिनला कल्पना फारच आवडली. त्याने त्यात फीत कापणं वाढवलं.

फाटकाबाहेर

तिसऱ्या दिवशी सकाळी बसमधून सगळे पारंपरिक मालक, कंपनीचे साहेब आणि कॅमेरेवाले डोंगराच्या पायथ्याशी उतरले. थंडगार मांडव, खुर्च्या, फळांचे रस, सगळं संदेशने फाटकाच्या आत मांडलं होतं. बाहेर एक बाभळीसारखं काटेरी झाड होतं.

अबू राशिद आले. कॉलिनने त्यांच्या गळ्यात बिल्ला घातला, 'सांस्कृतिक अनुभव'. त्यांनी तो काढून संदेशच्या हातात दिला, ट्रेमध्ये रिकामा कप ठेवावा तसा. फीत कापली गेली, फाटक उघडलं, ते आत गेले. पाठोपाठ त्यांची मुलं आणि पुतणे गेले, खांद्यावर फावडी आणि पहारी. मग अबू राशिद वळले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "अब बंद करो. हम बुलाएगा, तब खोलना."

पहारेकऱ्याने कॉलिनकडे पाहिलं. कॉलिनने कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. फाटक बंद झालं. बाप, मुलं, पुतणे डोंगर चढू लागले.

"कॉफीला किती वेळ लागतो साधारण?" कॉलिनने विचारलं.

"ट्रॅडिशनल कॉफी आहे, सर," संदेश म्हणाला. "स्लो प्रोसेस."

थोड्या वेळाने वरून दगड गडगडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग ते लयीत सुरू झालं, फावडं, दगड, फावडं, दगड. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंटी मर्ल काटेरी झाडाखाली जमिनीवर बसल्या होत्या, टोपी डोळ्यांवर ओढून.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मी किती वेळ लागतो ते विचारलं होतं ना?" टोपीखालून आवाज आला. "आमच्याकडेही असंच आहे. दुसऱ्याच्या मुलखात जायचं तर लांब बसायचं. ते आपल्याला बघतात, मग बोलावतात. बस तू पण."

मी बसले. इतरांना ते जमलं नाही. धरित्रीची हाक ऐकणाऱ्या बाई बसमध्ये जाऊन बसल्या आणि चालकाला एसी वाढवायला सांगू लागल्या. 'संथ जगण्या'वर निबंध वाचलेले गृहस्थ घड्याळ बघत फाटकापुढे फेऱ्या घालत होते. फाटकाच्या जाळीपलीकडे फळांचे रस दिसत होते, त्यातला बर्फ वितळताना दिसत होता. कंपनीच्या एका साहेबांनी पहारेकऱ्याला फाटक उघडायला फर्मावलं. कॉलिन घाईने आडवा गेला. कॅमेरे चालू आहेत, जगातल्या पहिल्या अशा समारंभात भूमिपुत्राने बंद केलेलं फाटक आपण उघडलं तर बातमी काय होईल, असं काहीसं तो पुटपुटला. एवढ्या दिवसांत त्याने मांडलेला हा एकच विचार मला पटला.

"मावशी, बिर्याणीची वाट लागली," संदेश कानाशी म्हणाला. पण त्याचा चेहरा खुशीत होता. मानकऱ्याचा मान राहिला होता.

ऊन कलल्यावर अबू राशिद खाली आले. दाढी धुळीने पांढऱ्याची राखाडी झालेली. हातपाय धुतले, मुलाच्या हातातली कॉफीची किटली घेतली, फाटक उघडायला लावलं आणि आतल्या बाजूला उभे राहून हाक दिली, "हय्याकुम! आओ, आओ!"

आंटी मर्ल उठल्या, टोपी काढली, आत गेल्या. दोघांनी एकमेकांचे हात धरले. भाषेची मदत कुणी मागितली नाही. कॉफी झाली. आंटींनी बरोबर कप हलवला.

मग त्यांनी भाषण केलं. एवढंच: "या माणसाने बोलावलं म्हणून मी आले. आज त्याने आपलं काम केलं, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. पुढच्या पावसाआधी त्याला परत ते करावं लागेल. तेव्हा तो आत कसा येणार, हे मला कुणीतरी आत्ता सांगा."

कॅमेरे कॉलिनकडे वळले. कॉलिन कंपनीच्या साहेबांकडे वळला. साहेबांनी तिथल्या तिथे अबू राशिदना उद्यानाचे मानद संरक्षक जाहीर केलं. कायमस्वरूपी प्रवेशपत्र मिळेल, आजच. टाळ्या झाल्या. प्लास्टिकचं एक कार्ड खरोखरच आलं, फोटोसकट.

"ये क्या है?" अबू राशिदनी संदेशला विचारलं.

"पास, बाबा. इससे गेट खुलेगा."

"मेरा गेट?"

"हां बाबा. आपका गेट."

त्यांनी कार्ड उलटसुलट बघून खिशात टाकलं आणि उरलेल्यांना कॉफी द्यायला वळले. यजमान म्हणून ते कुणाला वगळत नव्हते, कॉलिनलासुद्धा. त्याला कप हलवायचं ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंही नाही.

मी कुडाळला परतल्यावर काही आठवड्यांनी संदेशचा फोन आला. पहिला पाऊस पडला, चर मोकळी होती, टाकी भरली. उद्यानाला बक्षीसही मिळालं, सामुदायिक सहभागासाठी. मग एका रविवारी दुसरा पाऊस पडला, जोराचा, आणि चरीत पुन्हा दगड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अबू राशिद मुलांना आणि फावड्यांना घेऊन फाटकावर गेले आणि यंत्राला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. सोमवारी उद्यान देखभालीसाठी बंद असतं.